पॅराग्वे: घरची भाषा टिकवणारा देश

दक्षिण अमेरिका म्हटलं की काय आठवतं? ब्राझीलचा फुटबॉल, पेरूचं माचू पिच्चू, ॲमेझॉनचं जंगल. पॅराग्वे सहसा कुणाच्या यादीत नसतो. पण घरात एक भाषा आणि बाहेर दुसरी, अशी कसरत तुम्ही रोज करत असाल, तर या देशाचा इतिहास तुम्हाला जवळचा वाटेल.

आधी नकाशा बघू. ब्राझील, अर्जेंटिना आणि बोलिव्हिया यांच्या मधोमध असलेल्या या देशाला समुद्रकिनारा नाही. आकाराने तो महाराष्ट्रापेक्षा साधारण एक तृतीयांशाने मोठा, पण लोकसंख्या जेमतेम ६० लाखांच्या आसपास. पॅराग्वे नदी देशाचे दोन भाग करते. पश्चिमेचा चाको म्हणजे कोरडं, काटेरी जंगल. देशाची ६० टक्के जमीन तिथे आहे, पण माणसं फारच थोडी. बाकी सगळे राहतात पूर्वेच्या हिरव्या, लाल मातीच्या भागात.

आता खरी गंमत. इथले बहुसंख्य लोक ग्वारानी ही मूळनिवासींची भाषा बोलतात. पण स्वतःला मूळनिवासी म्हणवणारे लोक मात्र जेमतेम २ टक्के आहेत. असं कसं झालं?

१५३७ मध्ये स्पॅनिश लोकांनी आसुन्सिओन वसवलं. सोबत स्पॅनिश बायका जवळपास नव्हत्याच. त्यांनी ग्वारानी स्त्रियांशी संबंध जोडले, काही सोयरिकीने, बरेचसे जबरदस्तीने. मुलं वाढली ती आईच्या भाषेत. पुढे जेझुइट धर्मप्रसारकांनीही आपल्या वसाहतींमध्ये ग्वारानीच वापरली, तिचे शब्दकोश आणि व्याकरणं छापली. त्यामुळे ती लिहिलीही जाऊ लागली.

१८६४ ते १८७० या काळात ब्राझील, अर्जेंटिना आणि उरुग्वे या तिघांशी पॅराग्वेचं युद्ध झालं. किती माणसं मेली यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, पण प्रौढ पुरुषांपैकी बहुतेक गेले, असं बरेच जण मानतात. उद्ध्वस्त देश पुन्हा उभा केला तो मुख्यतः बायकांनी. नव्या राज्यकर्त्यांना मात्र ग्वारानी मागासलेपणाची खूण वाटत होती. शाळेत तिच्यावर बंदी आली, बोलणाऱ्या मुलांना शिक्षा व्हायच्या. तरी घरात, शेतात, बाजारात ती चालूच राहिली. मग १९३२ ते १९३५ च्या चाको युद्धात तीच भाषा कामाला आली. बोलिव्हियाच्या सैन्याला कळू नये म्हणून लष्करी निरोप ग्वारानीत जायचे!

अखेर १९९२ च्या राज्यघटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने अधिकृत भाषेचा दर्जा दिला. पण गोष्ट इथे गोड शेवटाने संपत नाही. कचेऱ्या आणि कोर्टकचेऱ्यांत अजूनही स्पॅनिशचाच वरचष्मा आहे. आणि ज्यांची ही भाषा, त्या ग्वारानी समाजांना आपल्याच जमिनीसाठी आजही झगडावं लागतंय. भाषेला मान मिळाला म्हणून माणसांना मिळतोच असं नाही.

रोजच्या बोलण्यात लोक दोन्ही भाषांची सरमिसळ करतात. तिला म्हणतात जोपारा, म्हणजे मिश्रण. याच नावाचं, कडधान्य आणि मका घालून केलेलं एक कालवण १ ऑक्टोबरला घरोघरी शिजतं. थंडगार तेरेरेचा पेला एका हातातून दुसऱ्या हातात फिरत असतो, तेव्हाच्या गप्पाही बऱ्याचदा जोपारातच चालतात.

जाता जाता एक गोष्ट. इंग्रजीत 'वी' म्हटलं की समोरचा त्यात धरलाय की नाही, हे कळत नाही. स्पॅनिशचंही तसंच. ग्वारानीत मात्र दोन वेगळे शब्द आहेत: समोरच्याला धरून 'न्यांदे', त्याला वगळून 'ओरे'. ओळखीचं वाटतंय ना? आपलं 'आपण' आणि 'आम्ही'! हजारो मैलांवरच्या, आपल्या भाषेशी काहीच नातं नसलेल्या भाषेत हाच भेद जपलेला आहे. तुमच्या बोलण्यात इंग्रजी किती मिसळलंय याची लाज वाटत असेल, तर जोपारा आठवा. मिसळून बोलणाऱ्यांच्या तोंडीच ग्वारानी आजवर टिकली आहे.