मुंबई इलाख्यातील वनधोरण आणि सह्याद्रीची परिसंस्था : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मानव आणि निसर्ग यांचा संबंध मानवी इतिहासाइतकाच प्राचीन आहे. मात्र पर्यावरणाच्या ऱ्हासाचा विचार करताना वाढती लोकसंख्या आणि औद्योगिकीकरण ही दोनच कारणे बहुधा पुढे केली जातात. जंगलावर सत्ता कोणाची आणि ते राखण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात सह्याद्रीच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

ब्रिटिशपूर्व काळ :
ब्रिटिशपूर्व काळात जंगलाचा वापर होत नव्हता असे मानणे चुकीचे ठरेल. कोकणातील शेतकरी झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण जाळून भाताच्या रोपांसाठी राब भाजत असे. डोंगरउतारावर फिरती शेती होत असे. आरमारासाठी सागवान तोडले जाई. परंतु या वापरास काही मर्यादाही होत्या. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात आंबा, फणस यांसारखी रयतेची झाडे बळजबरीने तोडू नयेत, अशी स्पष्ट ताकीद आहे. गावोगावच्या देवराया ही दुसरी मर्यादा होय. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालत नसे. परिणामी जुने वृक्ष, वेली व औषधी वनस्पती टिकून राहिल्या आणि अनेक ठिकाणी देवराईलगतचे झरेही जिवंत राहिले.

वसाहतकालीन वनधोरण :
ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात सागवानास मोठे व्यापारी व लष्करी महत्त्व आले. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली ब्रिटिश आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. 1817 मध्ये येथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे मलबारी सागाचे जहाज आजही इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे. 1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली व पुढील दशकात बोरघाटातून रेल्वेमार्ग गेला. रुळांखालील स्लीपर, बांधकाम व इंधन यांसाठी लाकडाची मागणी वाढत गेली.

या तोडीचे दुष्परिणाम शासनाच्याही लक्षात आले होते. दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी डोंगर उघडे पडल्याने झरे आटतात व खाड्या गाळाने भरतात, याकडे लक्ष वेधले. 1847 मध्ये त्यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढे 1864 मध्ये डीट्रिच ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वनविभाग स्थापन झाला. 1865 व 1878 च्या वनकायद्यांनी विस्तीर्ण जंगले सरकारच्या ताब्यात गेली. 1878 च्या कायद्यात राखीव, संरक्षित व ग्रामवने असे तीन प्रकार होते. परंतु ग्रामवनांची तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली. गावकऱ्यांचे पूर्वापार हक्क शासनाने दिलेल्या सवलती ठरल्या.

जनतेचा असंतोष :
या धोरणाची झळ सामान्य शेतकऱ्यास बसली. महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात गायराने व राने जंगलखात्याने गिळंकृत केल्याने शेतकऱ्याची गुरे कशी उपाशी पडतात, यावर कठोर टीका केली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राब व लाकूडफाट्याविषयीच्या तक्रारींच्या चौकशीसाठी 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. ज्या रानावर आपला हक्क उरला नाही, ते राखण्याची आस्थाही क्षीण होणे स्वाभाविक होते. संरक्षणाच्या नावाने आलेल्या कायद्याने संरक्षणाचा सामाजिक आधारच दुर्बल केला, ही या इतिहासातील मोठी विसंगती होय.

स्वातंत्र्योत्तर वाटचाल :
स्वातंत्र्यानंतरही 1927 चा वनकायदा कायम राहिला. धरणे, खाणी, रस्ते व कोळशासाठीची तोड यांमुळे सह्याद्रीचे अनेक भाग उजाड झाले. या तोडीत खासगी मालकीच्या जंगलांचाही मोठा वाटा होता, हे नाकारता येत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा व 1980 चा वनसंवर्धन कायदा यांनी काही प्रमाणात आळा घातला. याच सुमारास डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे परिस्थितिकीय महत्त्व सिद्ध केले. पुढे 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस सामूहिक वनहक्क दिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास 2009 मध्ये असा हक्क मिळाला. पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ गटाच्या 2011 च्या अहवालानेही ग्रामसभांच्या सहभागावर भर दिला. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारसा दर्जा दिला. त्यांपैकी कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार महाराष्ट्रात आहेत.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, सह्याद्रीच्या परिसंस्थेचा ऱ्हास केवळ गरजेपोटी झाला नाही. जंगलाकडे महसुलाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टीही त्यास कारणीभूत ठरली. केवळ कायद्याने जंगल वाचत नाही आणि केवळ श्रद्धेवरही ते फार काळ टिकत नाही. श्रद्धा ओसरली, जमिनीचे भाव वाढले, की देवराईही तुटते. म्हणून देवरायांची गावनिहाय नोंद, सामूहिक वनहक्कांची प्रामाणिक अंमलबजावणी, स्थानिक प्रजातींची लागवड आणि खाण व रस्त्यांच्या प्रकल्पांपूर्वी ग्रामसभेचा खरा विचारविनिमय या उपायांची सांगड घालणे आवश्यक आहे. जंगल राखण्याचे कर्तव्य ज्याच्यावर सोपवायचे, त्यास जंगलावर हक्कही दिला पाहिजे, हाच या दीडशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासाचा बोध होय.