गुत्ता कुठे होता? सातारा-सांगलीत दारूचा इतिहास शोधताना

लंडनमध्ये जुन्या पबची पायी सफर करता येते. वाटाड्या एका पाटीखाली थांबतो, इमारतीचं वय सांगतो, तिथली बिअर चाखायला लावतो आणि पुढच्या पबकडे नेतो. अशी सफर साताऱ्यात किंवा सांगलीत आखायला घ्या, पहिल्याच चौकात अडाल. दाखवायला तशी इमारतच नाही. मग पुरावा शोधायचा कुठे?

मी म्हणेन, आधी शब्दांत शोधा. 'गुत्ता' म्हणजे मुळात मक्ता. दारू विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने द्यायचं, आणि त्या कराराचंच नाव दुकानाला चिकटलं. मक्ता हातातून गेला की दुकानदार बदलणार; एका पाटीखाली पिढ्यान्‌पिढ्या धंदा टिकणार कसा? 'बेवडा' ही तर मुळात दोनदा गाळलेली दारू. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, म्हणून दुसऱ्या वाफेत अल्कोहोलचं प्रमाण आणखी वाढतं. हे तुम्ही बीएस्सीला केलंय! पुढे हाच शब्द पिणाऱ्याला लागला.

मग कागद. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गाळणं आणि विकणं सरकारने आणखी घट्ट मुठीत घेतलं, त्यामुळे नोंदी मिळतात. पण त्या परवान्यातल्या दारूच्या. रानातल्या हातभट्टीची नोंद झालीच तर गुन्हा म्हणून.

इथे एक खड्डा आहे, त्यात हमखास पाय जातो. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, म्हणून ते १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये सापडेल. सांगली शहर मात्र पटवर्धनांच्या संस्थानात. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला १९४९ मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. 'सांगली जिल्हा, १८८०' असा तक्ता केलात तर तो आजचा नकाशा कालच्या आकड्यांवर लादणं झालं.

या सफरीत मला सगळ्यात जास्त रेंगाळावंसं वाटतं ते पलूस तालुक्यात. इथलं कुंडल हे १९४० च्या दशकातल्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र, आणि दारूबंदी हा त्या चळवळीच्या कामाचा भाग होता. त्याच तालुक्यात राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाईन पार्क उभं राहिलं. पर्यटनाच्या माहितीपत्रकाला यातलं दुसरंच आवडेल. तुम्ही दोन्ही एका कागदावर मांडा. आणि हो, आसपासची कितीतरी द्राक्षं वाईनला न जाता बेदाण्याला जातात, हेही तिथेच लिहा.

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे. दारूदुकान हटवायला गावात मतदान होतं; मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. साताऱ्याच्या जावळी तालुक्यात बायकांनी अशीच दुकानं बंद पाडली. पबच्या सफरीत घरी वाट पाहणारी बाई सहसा दिसत नाही, या कागदांत ती मतदार म्हणून दिसते. फक्त आकडे जपून वाचा. बंदीसाठी झालेल्या मतांच्या नव्हे, एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे त्या दिवशी ऊसतोडीला गेलेली बाई हिशेबात उभ्या बाटलीकडेच मोजली जाते. तेव्हा आधी मतदारयादीचा आकडा उतरवून घ्या, मग मतांचा.