हृदयाची झडप : निवड कोणाची?

मुळेच्या काठी पंप बसविणाऱ्या शेतकऱ्याला हृदयाची झडप समजावून सांगावी लागत नाही. फूटव्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो, मागे फिरू देत नाही. हृदयातील चार झडपा रक्ताच्या बाबतीत हेच काम दिवसातून सुमारे एक लाख वेळा करतात. योगायोग असा की, कृत्रिम झडपेच्या आद्य शिल्पकारांपैकी लॉवेल एडवर्ड्स हाही पंपांचाच जाणकार इंजिनियर होता. १९६० साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. अल्बर्ट स्टार यांनी त्याची झडप रोग्याच्या हृदयात बसविली. एक लहानसा पिंजरा व त्यात वरखाली होणारा चेंडू, एवढीच तिची रचना.

पुढे चेंडू जाऊन कलती चकती आली, मग दोन पाकळ्या आल्या. या यांत्रिक झडपा दीर्घकाळ टिकतात. परंतु परक्या वस्तूवर रक्त गोठू पाहते. म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध आजन्म घ्यावे लागते आणि रक्त वारंवार तपासावे लागते. दुसरी वाट पॅरिसमध्ये १९६५ साली निघाली, ती डुकराच्या झडपेची. अशा झडपेला ते औषध बहुधा जन्मभर लागत नाही. मात्र दहा-पंधरा वर्षांत ती झिजते, आणि तरुण शरीरात तर अधिकच लवकर.

श्रीमंत देशांत झडप बहुधा उतारवयात बदलावी लागते. आपल्याकडे लहानपणचा सांधेदुखीचा ताप ऐन तारुण्यात ती निकामी करतो. तरुणाला टिकाऊ झडप हवी; पण ती परदेशी आणि महाग! ही अडचण ओळखून त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांनी देशी झडपेचा ध्यास घेतला. आधीचे नमुने फसले. कृत्रिम नीलमण्याची चकतीही वापरून झाली. अखेर चौथ्या नमुन्यात चिवट प्लास्टिकची चकती टिकली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम रोग्याला बसविली गेली.

तरीही प्रश्न सुटला असे नाही. मुळशीच्या डोंगरातली एखादी नवविवाहिता डोळ्यांपुढे आणा. आषाढात रक्त तपासायला ती कशी उतरणार? ते औषध गर्भाला अपाय करू शकते; आणि डुकराची झडप घ्यावी, तर पुढे दुसरी शस्त्रक्रिया जवळजवळ ठरलेली. श्रोतेहो, झडपेचे गुणदोष डॉक्टर सांगेल. पण वय, गाव आणि संसार रोग्यालाच विचारले पाहिजेत. त्यावाचून केलेली निवड झडपेची होईल, माणसाची होणार नाही.