ट्रेलरचा गंज आणि १८१३ सालचा एक खटला



हिवाळा सरत आला की इथे ब्रिटनमध्ये जुन्या बोटींच्या विक्रीच्या जाहिराती दिसू लागतात. आपल्या मराठी मंडळींपैकीही काहींच्या घरामागे ताडपत्रीखाली एखादी छोटी बोट असते. मुलं लहान असताना हौसेने घेतलेली, मुलं युनिव्हर्सिटीत गेल्यापासून न हललेली. ती विकायची असं ठरलं, की आपण काय करतो? बोट धुतो, पॉलिश करतो, शिडं उन्हात टाकतो. घेणारा माणूस येतो आणि बोटीकडे एक नजर टाकून थेट गुडघ्यावर बसतो, ट्रेलरखाली डोकावायला.

त्याचं बरोबर आहे. बोट फायबरग्लासची किंवा लाकडाची, तिला गंज लागत नाही. ट्रेलर लोखंडाचा. वर्षातून चार वेळा खाऱ्या पाण्यात बुडवलेला, बाकीचे दिवस ओल्या गवतावर उभा. मग विकायच्या आदल्या शनिवारी काळ्या रंगाचा डबा आणून फ्रेमवरून एक हात मारावा, असा मोह कोणालाही होतो. आजचा कार्यक्रम त्या रंगाच्या डब्याबद्दल आहे. पण त्यासाठी जरा मागे जाऊ या.

१७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. उष्ण समुद्रात जहाजाचं लाकूड पोखरणारा किडा असतो, त्याच्यापासून बचाव म्हणून. जहाज वेस्ट इंडीजकडे गेलं, परत आलं, आणि १७६३ साली तपासणी झाली. तांबं ठीक होतं, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी गंजून खलास झाले होते. गंमत पुढेच आहे. काही पत्र्यांवर ते ज्यात गुंडाळून आले होते तो तपकिरी कागद तसाच राहून गेला होता. जिथे कागद मधे होता, तिथले खिळे शाबूत होते! तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यातलं लोखंड झपाट्याने खाल्लं जातं, हे एका कामगाराच्या आळसामुळे नौदलाला कळलं. कारण मात्र कोणाला सांगता येत नव्हतं. बेडकाच्या पायांना दोन धातू लावले की ते थरथरतात, हे गॅल्वानीने लिहून छापलं ते १७९१ साली.

मग आले हम्फ्री डेव्ही. नौदलाची अडचण आता वेगळी होती, तांब्याचे पत्रेच झिजत होते. १८२४ मध्ये डेव्हींनी सुचवलं, की तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे जोडा. ते तुकडे झिजतील आणि तांबं वाचेल. हा प्रयोग ज्या जहाजांवर झाला, त्यात ‘समारंग’ नावाचं एक जहाज होतं, आणि ते कोचीनला सागवानात बांधलेलं होतं. (त्याच काळातलं सागवानी जहाज डोळ्यांनी बघायचं असेल तर हार्टलपूलला जा. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ तिथे आजही पाण्यावर उभं आहे. मुलांना न्यायला उत्तम जागा.) डेव्हींचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. तांबं झिजायचं थांबलं. पण थोडं थोडं झिजणारं तांबं समुद्री जीवांना विषासारखं असतं. ते झिजेना, म्हणून तळावर शंखशिंपले आणि शेवाळ दाटलं, जहाजं मंदावली, आणि नौदलाने ते तुकडे काढून टाकले. शास्त्र बरोबर आणि जहाज हळू, अशी बिचाऱ्या डेव्हींची गत झाली.

तोच विचार लोखंडाला लावला तर मात्र फत्ते. जस्त आणि लोखंड एकत्र असले की जस्त आधी जातं आणि लोखंड राहतं. १८३७ साली स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच इंजिनिअरने लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडवून काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि नाव देताना गॅल्वानीची आठवण ठेवली. तेच आपलं ‘गॅल्वनाइज्ड’.

आता ही पद्धत ऐकल्यावर तुम्हाला लहानपणीचा कल्हईवाला आठवेल. भांडं घासूनपुसून स्वच्छ करायचं, तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, धूर निघाला की कथील फिरवायचं. इथेही तेच आहे. लोखंड आधी आम्लात धुतात, नवसागराच्या जातीच्या क्षारात बुडवतात आणि मग सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या जस्तात सोडतात. फरक इतकाच, की लोखंडावर कथलाचा थर दिला आणि त्यावर ओरखडा गेला, तर लोखंड उलट जास्त वेगाने गंजतं. जस्ताच्या थरावर ओरखडा गेला, तर आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून तेवढी उघडी जागा सांभाळतं.

आणि जस्ताचं म्हणाल, तर राजस्थानातल्या झावरला शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या मुशींतून जस्ताची वाफ खाली उतरवून धातू गोळा करत. ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने अशाच, वाफ खाली उतरवण्याच्या पद्धतीचं पेटंट १७३८ मध्ये घेतलं. त्याला ही कल्पना पूर्वेकडून मिळाली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. मलाही वाटतं, पण माझ्या वाटण्याला पुरावा म्हणता येणार नाही.

तर तुमच्या ट्रेलरवरचा तो करडा, मळकट थर हे असं प्रकरण आहे. तो जोवर आहे तोवर चिंता नाही. तो संपला की तांबूस डाग दिसू लागतात. पण चौकोनी नळीचा गंज बाहेरून दिसतोच असं नाही. समुद्राचं पाणी आत शिरतं, निथळायचं भोक चिखलाने बुजलेलं असतं आणि नळी आतून बाहेर गंजत येते. त्यासाठी हातोडी घ्या आणि टोक टोक करत जा. माठ घेताना आपण बोटाने वाजवून घेतो, तसंच. टणक नाद आला तर बरं. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळले, तर तिथे रंगाचा काही उपयोग नाही.

आता खटल्यांकडे वळू. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जुनी जहाजं ‘सर्व दोषांसकट’ या अटीवर विकत, म्हणजे आपल्या भाषेत ‘जसं आहे तसं’. १७९२ साली अशा एका खटल्यात न्यायमूर्ती लॉर्ड केनियन म्हणाले, की घेणाऱ्याला तपासून कळणं शक्यच नव्हतं असा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर ही अट असली तरी त्याने तो सांगायलाच हवा. १८११ मध्ये लॉर्ड एलेनबरो यांनी ते मोडीत काढलं. सर्व दोषांसकट म्हणजे सर्व दोषांसकट. विकणारा गप्प बसला तर तो त्याचा हक्क, फक्त दोष लपवायची युक्ती केलेली नसावी.

दोनच वर्षांनी, १८१३ मध्ये, श्नायडर विरुद्ध हीथ हा खटला उभा राहिला. जहाज पुन्हा ‘सर्व दोषांसकट’ विकलेलं. जाहिरातीत त्याचा सांगाडा जवळजवळ नव्यासारखाच असल्याचं म्हटलेलं. प्रत्यक्षात तळ किड्याने पोखरलेला आणि खालचा मुख्य कणा मोडलेला. आणि कप्तानाने काय केलं होतं? जहाज ज्या उतारावर टेकून उभं होतं, तिथून काढून पाण्यात नेऊन ठेवलं, म्हणजे तळ कोणाला दिसायलाच नको. सर जेम्स मॅन्सफील्ड यांनी निकाल घेणाऱ्याच्या बाजूने दिला. दोष न सांगणं एक वेळ चालेल, पण तो दिसू नये म्हणून हात चालवलात तर ती अट तुम्हाला वाचवणार नाही.

माझ्या मते शनिवारच्या त्या रंगाच्या डब्याचा हाच कायदा आहे. गंजाच्या भोकात पुट्टी भरून वर काळा रंग मारणं म्हणजे तळ दिसू नये म्हणून जहाज पाण्यात लोटणं. आणि ट्रेलरच्या बाबतीत आणखी एक कलम आहे. १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या ७५ व्या कलमाप्रमाणे रस्त्यावर आणायला धोकादायक असलेला ट्रेलर दुसऱ्याला विकणं हाच गुन्हा ठरू शकतो, आणि तो घरगुती विक्रीलाही लागू आहे. दुरुस्तीआधी तो रस्त्यावर येणार नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर सुटका आहे. म्हणून फ्रेम गेलीच असेल तर सरळ ‘सुट्या भागांसाठी’ असं लिहा, आणि घेणाऱ्याला तो दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायला सांगा. शेवटी एम-फाइव्हवर त्या ट्रेलरच्या मागे कोणाची तरी मुलं बसलेली गाडी असते.

पण बहुतेक ट्रेलर इतके गेलेले नसतात. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा आणि जस्ताची पूड भरपूर असलेला रंग लावा. लोखंड उघडं केल्याशिवाय त्या रंगातलं जस्त काम करत नाही, कारण त्याला लोखंड टेकलेलं लागतं, डेव्हींचीच गोष्ट. खाचाखोचांसाठी गंज काळा करणारं द्रव्य मिळतं. त्यातल्या काहींत टॅनिक आम्ल असतं. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे होत असे, तीच ही क्रिया. हिरड्यात टॅनिन असतं, आणि सह्याद्रीतला हिरडा एके काळी मुंबईहून जहाजं भरभरून इथल्या कातड्याच्या कारखान्यांना येत असे. वेल्डिंग मात्र स्वतः करू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो.

चाकांच्या बेअरिंगला विसरू नका, खरा घात तिथेच होतो. मोटरवेवरून आलेलं चाक गरम असतं. ते तसंच थंड समुद्रात उतरवलं की आतली हवा आकसते आणि खारं पाणी आत ओढून घेते. पुढच्या प्रवासापर्यंत आत गंज. बोटीसकट ७५० किलोच्या वरचा ट्रेलर असेल तर ब्रेकही आहेत आणि तेही अडकलेले असतात. बेअरिंग नवीन घाला, पावती ठेवा. रंग लावण्याआधी घासलेल्या जागांचे फोटो काढा. जाहिरातीत पहिला फोटो बोटीचा आणि दुसरा ट्रेलरच्या खालच्या बाजूचा टाका, दुरुस्त केलेला भाग नीट दिसेल असा. किंमत त्या हिशेबाने थोडी खाली धरा. आणि घेणारा माणूस आला, की त्याने गुडघा टेकायच्या आत त्याच्या हातात टॉर्च आणि हातोडी द्या.