पटावरून नाव कमी झालेला शिपाई

युद्धाच्या इतिहासात दोन प्रकारच्या सैनिकांस सहज स्थान मिळते. जो रणात पडला त्याच्या वाट्यास स्मारक येते. ज्याने पराक्रम गाजविला त्याच्या वाट्यास पदक. परंतु जो आजारी पडला, इस्पितळात महिनोन्‌महिने राहिला आणि अखेर ‘अनफिट’ असा शेरा घेऊन घरी परतला, त्याच्या वाट्यास केवळ एक कागद येतो. संख्येने मोठ्या असलेल्या या वर्गाकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. मंडळीत सेवा करणाऱ्यांनी तरी ते द्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

इंदूरकरांस हा विषय परका नाही. जवळच असलेली महूची छावणी १८१८ च्या मंदसौर तहानंतर वसली. पलटणींबरोबर अनेक मराठी कुटुंबे तेथे आली. डॉ. आंबेडकरांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, यांचे कुटुंब त्यांपैकीच एक होय. पहिल्या महायुद्धात होळकर संस्थानाची वाहतूक तुकडीही साम्राज्याच्या सेवेत रुजू झाली. अशा घरांतून गेलेल्या साध्या शिपायावर आजाराचे संकट कसे येई, हे समजण्यास मेसोपोटेमियाच्या मोहिमेइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

नोव्हेंबर १९१४ मध्ये सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन आखाताच्या मुखाशी उतरू लागली. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वर्षभराने टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून नदीपर्यंत व तेथून गर्दीने भरलेल्या बोटींतून बसऱ्यास आणण्यात आले. त्यांची अवस्था मेजर कार्टर या डॉक्टराने वरिष्ठांपुढे निर्भीडपणे मांडली. पुढे चौकशी झाली, १९१७ मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुतच्या वेढ्यात जे घडले ते अधिक बोलके आहे. तेथे गोऱ्या शिपायांना बेरीबेरी होई, तर हिंदी शिपायांना स्कर्व्ही. कारण अन्नात होते. गोऱ्यांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळे. हिंदी शिपायाच्या कोंडायुक्त आट्याने त्याचे बेरीबेरीपासून रक्षण केले. उलट, ताजी भाजी व ताजे मांस यांच्या अभावी हिंदी शिपायाच्या हिरड्या सुजत, सांधे दुखत, जुन्या जखमा उघडत. धर्म व रूढी यांमुळे अनेकांनी घोड्याचे मांस दीर्घकाळ नाकारले. सुकी डाळ त्यांना मिळे, परंतु तिच्यात स्कर्व्ही टाळणारे द्रव्य नसते; तेच कडधान्य भिजवून मोड आणले असता ते द्रव्य निर्माण होते. हे हॅरिएट चिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धकाळातच प्रयोगाने दाखविले. आपल्या घरातील माउली मटकीला मोड आणते, त्यात केवढे औषध आहे हे पलटणीच्या कोठारास ठाऊक नव्हते.

या संपूर्ण मोहिमेत साडेबारा हजारांहून अधिक माणसे रोगाने दगावली. आजारी होऊन जगले ते याच्या कितीतरी पट. म्हणजे शिपायाचे शरीर दुर्बल होते म्हणून तो निकामी झाला असे नव्हे. शिधा, वाहने व औषधे पुरविणारी व्यवस्था दुर्बल होती. तथापि ‘अनफिट’ हा शेरा व्यवस्थेच्या नव्हे, शिपायाच्या नावापुढे लागला.

मृतांचीही स्थिती फार निराळी नव्हती. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य शिपायांची मात्र केवळ संख्या. मृतास जेथे नाव मिळाले नाही, तेथे जिवंत परतलेल्या रोग्यास कोण विचारणार?

हा प्रश्न केवळ जुना नाही. आजार सेवेमुळे झाला की नाही, यावरच अपंगत्वाचे निवृत्तिवेतन अवलंबून असते. हे सिद्ध करण्याचा भार दीर्घकाळ आजारी शिपायावरच पडे. २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. तसे नसल्याचे दाखविण्याचा भार शासनावर आहे. कुतचा शिपाई हेच मागू शकला असता.

पहिल्या शमुवेलाच्या तिसाव्या अध्यायाकडे या दृष्टीने पाहावे. आजारी पडला म्हणून अमालेकी धन्याने टाकून दिलेला मिसरी तरुण तेथे आहे. आणि थकून बसोर ओढ्यापाशी मागे राहिलेल्या दोनशे जणांना समान वाटा देणारा दावीदही आहे. त्याने त्यास उपकार म्हटले नाही, नियम केला.

आपल्या मंडळ्यांतील विवाहाच्या व दफनाच्या जुन्या नोंदवह्यांत ‘शिपाई’, ‘पेन्शनर’ असे व्यवसाय लिहिलेले आढळतात. काही घरांतील पेट्यांत डिस्चार्जचा पिवळा पडलेला कागदही असेल. पाळकांनी व उपदेशकांनी अशा घरी जावे, वडीलधाऱ्यांस विचारावे, आणि नाव, पलटण, वर्ष व आजार एवढे तरी वहीत उतरून ठेवावे. पटावरून कमी झालेले नाव मंडळीच्या वहीत पुन्हा लिहिता येईल.