प्रकाशाची पारख

सोन्याचा कस कसोटीवर घासून कळतो. पण ज्या ताऱ्याला हात लावायला कोणी जाऊ शकत नाही, त्याचा कस कसा घ्यावा? त्याच्या प्रकाशाचा वर्णपट पसरावा आणि त्यातील रेषा वाचाव्या. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागीच उमटतात. ही विद्या पुण्यात रुजवली ती कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी.

भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. त्या काळी लॉकियर या नामांकित इंग्रज शास्त्रज्ञाचे मत असे होते की, मृगातील तेजोमेघाची ठळक हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे. तसे असते, तर तिची एक कड अंधुक होत गेलेली दिसली असती. १८९१ साली नायगमवालांनी ती बारकाईने निरखली. पाहतात तो दोन्ही कडा रेखीव! एवढ्या थोर माणसाच्या मताविरुद्ध जाणारा हा निकाल त्यांनी निर्भीडपणे प्रसिद्ध केला. पुढे १९२७ साली बोवेन यांनी ती रेषा ऑक्सिजनची ठरवली.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा मिटली आणि उपकरणे कोडईकनालला गेली. माणसाबरोबर त्याचे कार्यही संपावे, हे आपल्याकडे नवे नाही.

विद्या मात्र वाढतच होती. रेषांचा ठळकपणा तापमानानुसार कसा बदलतो, याचे गणित मेघनाद साहांनी १९२० साली मांडले. त्यामुळे ताऱ्यात कोणते द्रव्य आहे एवढेच नव्हे, तर ते किती आहे हेही पुढे काढता येऊ लागले.

दिवाळीत दिवेलागणीनंतर आमच्या महाळुंग्याहून नैर्ऋत्येला पाहावे. शहराच्या दिव्यांनी आभाळ फिकटले असले, तरी तिकडे धनु रास असते. तिच्या दिशेने, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेचा फुगीर गाभा आहे. मध्ये धुळीचा दाट पडदा. त्यातली एक विरळ खिडकी बाडे यांनी १९४० नंतरच्या दशकात हेरली. त्या खिडकीतून दिसणाऱ्या ११ राक्षसी ताऱ्यांची परीक्षा मॅकविल्यम आणि रिच यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. काहींत लोह सूर्याहून कमी, काहींत जास्त. परंतु लोहाच्या मानाने मॅग्नेशियम अधिक! मॅग्नेशियम मिळते ते प्रचंड, अल्पायुषी ताऱ्यांच्या स्फोटांतून, लवकर. लोहाचा बराच भाग मागाहून, सावकाश जमतो. तेव्हा गाभ्यातील हे तारे झपाट्याने घडले असले पाहिजेत.

पुण्यात मॅग्नेशियमचा दावा टिकला नाही, गाभ्यात ते भरपूर सापडले. दोन्ही वेळा निवाडा रेषेनेच केला. मुलांनी मोठ्या नावांना मान जरूर द्यावा. पण रेषा आपल्या डोळ्यांनी पाहावी.