हाउसिंग बोर्डाचा ओटा

'म्हाडा' हे नाव आपल्याकडे उशिरा आले. वऱ्हाडात त्याआधी विदर्भ गृहनिर्माण मंडळ होते. जुन्या मध्य प्रदेश मंडळाचा वारसा घेऊन ते 1960 साली आले आणि 1977 मध्ये म्हाडात विलीन झाले. अकोल्यात आम्ही मात्र 'हाउसिंग बोर्ड'च म्हणत राहिलो.

तिथला आमचा गाळा बैठा. दोन खोल्या, पुढे ओटा, ओटा उतरला की रस्ता. पावसाळ्यात भिंती ओल धरत, बांधकामाचे कौतुक सांगण्यासारखे नव्हतेच. पण वडिलांनी अखेरची वर्षे त्या ओट्यावर काढली. एके सकाळी समोरच्या काकू आत डोकावल्या, ''कावो, बाबा आज ओट्यावर दिसून नाई राह्यले?'' बाबा न्हाणीत पडले होते. मी शाळेत, बायको बाजारात. काकूंनीच चौघांना हाक मारली.

आता मी अमरावतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, गुडघे तेवढे आहेत! 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत (शहरी) ज्येष्ठांच्या कुटुंबांना तळमजला प्राधान्याने द्यावा असे लिहिले आहे. वाचून बरे वाटले. ओट्याचे मात्र कुठे दिसले नाही.

काल भाजीवाल्याने खालून हाक दिली. मी दोरीला पिशवी बांधून खाली सोडली.